गाडी जालन्यापर्यंत

१२ जानेवारी

पोर्चमध्ये पेट्रोलचा वास. सकाळी रुचि म्हणाली, तुमच्या लाडकीला जुलाब झालेत, बघा जरा. वाकून पाहिलं — पांढरी मारुती मागच्या चाकाजवळ थेंब थेंब गळतेय. तीस वर्षांची झाली. या वयात माझंही काही फार घट्ट राहिलेलं नाही, पण मी निदान फरशीवर डाग पाडत नाही.

एरवी भंगारात काढली असती. मंठ्याच्या पेठेत कापड दुकान असलेला माणूस, दर आठवड्याला जालन्याच्या पेपरात सगळ्यांची सालपटं काढणारा, आणि फिरतो कशात — डबड्यात! लोक तोंडावर म्हणतात. पण आता काढता येत नाही. नेहलनं मागितलीय.

लिहूनच टाकतो, कारण तोंडानं अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. माझी एकुलती एक मुलगी पुढच्या महिन्यात जालन्याला दीक्षा घेणार. साध्वी होणार. त्या दिवसानंतर ती कुठल्याही वाहनात बसणार नाही. मोटार नाही, रेल्वे नाही, सायकलसुद्धा नाही. जन्मभर पायी, अनवाणी. घरी येणं नाही. मी डोक्यावर हात ठेवायचा नाही — साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही. मग तो पुरुष तिला तापात कडेवर घेऊन दवाखान्यात पळालेला का असेना.

जालन्यात मिरवणुकीला जैन संघानं फुलांचा रथ ठरवलाय. मंठ्याहून न्यायला एका शेठनं आपली परदेशी मोटार देऊ केली. भेटायला गेलो तेव्हा नेहल म्हणाली, "मी आपल्या गाडीतून जाणार, पप्पा. तुम्ही चालवा. जालन्यापर्यंत."

एवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन शेजारपाजार आला. गोड बोलायचा सण असल्यामुळे मी गप्प बसलो.

१५ जानेवारी

दुपारी दुकान नोकरावर टाकून गाडीखाली गेलो. टाकीपासून पुढं लोखंडी नळी जाते, ती बरी आहे. पण तिच्या दोन्ही टोकांना रबराचे पाइप — मागं टाकीजवळ, पुढं इंजिनाजवळ फिल्टरला — ते पार गेलेत. बोटानं वाकवला तर जुन्या चपलेसारख्या भेगा. एक हातातच तुटला.

पुढचं बघायला बॉनेट उघडलं. त्याची केबल केव्हाच तुटलीय. पुढच्या जाळीतून सायकलच्या स्पोकचा आकडा आत घालायचा, आतली तार शोधायची, ती ओढताना डाव्या तळहातानं बॉनेट खाली दाबायचं. मी आणि नेहल — बाकी जगाला हे जमत नाही. गोरक्षनाथानं एकदा प्रयत्न केला आणि अंगठ्याचं नख देऊन बसला.

गोरक्षनाथाकडेच गेलो मग. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या आज्यानं मेंढरं हाकली, हा मोटारीवाल्यांना हाकतो.

"शेठ, हे पेट्रोल आता पेट्रोल न्हाई राह्यलं. उसाची दारू मिसळून राह्यले त्यात. जुनं रबर फुगतंय, मंग फाटतंय. तुमाला दारू पचवणारा पाइप देतो बराबर."

म्हटलं, दारू पचवणारा पाइप पंचायतीच्या निवडणुकीला उभा कर, बिनविरोध येईल. हसला. पाइप मोजून कापता कापता थांबला.

"पोरगी खरंच चालली का?"

हो म्हणालो.

"अन् तुमी गाडी दुरुस्त करून राह्यले."

हो.

पाइपचं भेंडोळं हातात दिलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या असतो तर चारी चाकं काढून हिरीत टाकले असते."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी हुशार माणूस. हुशार माणसं चाकं विहिरीत टाकत नाहीत. ती क्लॅम्प कोणत्या मापाचे लागतील ते विचारतात.

१९ जानेवारी

नेहल घरी आली. दोन वर्षं साध्वींबरोबर, महासतीजींबरोबर राहिली, त्यांच्यासोबत पायी फिरली, आता शेवटचे दिवस घरात. उन्हानं काळी झालीय. तळपाय पाहिले. पाहायला नको होते.

२० जानेवारी

रविवारी आली तर सोमवारपासून जेवणावळी सुरू! आमच्यात रीत आहे — दीक्षा घेणाऱ्या मुलीला घरोघर बोलावतात, ओवाळतात, सूर्य मावळायच्या आत जेवू घालतात. नवऱ्या मुलीसारखं नटवतात. आज पहिलं घर आदिनाथ सेठियांचं. पाटाभोवती रांगोळी, बायका गाणी म्हणतायत, आणि सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांत वरच्या पट्टीत — रुचि. टाळ्या वाजवत. नाचलीसुद्धा!

कुणी म्हणालं, धन्य ती माउली. रुचि म्हणाली, "आमचं पुण्य."

मी जिलेबीकडं बघत बसलो. तीस वर्षं संसार केला आणि ही बाई इतकी टणक आहे हे मला आज कळावं!

२२ जानेवारी

आज मागचे पाइप बदलले. नेहल आपणहून आली, जुना पंजाबी ड्रेस घालून. लहानपणी माझ्याबरोबर याच गाडीखाली लोळायची. बी.एस्सी.ला होती तेव्हा कार्ब्युरेटर एकटीनं खोलून साफ केलेला. पान्हा मागायच्या आत हातात ठेवते. विसरली नाही काही.

जॅक लावणार तोच, "पप्पा, थांबा. मुंग्या."

फरशीच्या फटीतून रांग चालली होती. तिनं कागदानं एकेक हळूच बाजूला केली. मी गाडीच्या पोटाखाली डबा धरून उताणा. पेट्रोल कोपरापर्यंत आलेलं. म्हटलं, बाईसाहेब, तुमच्या मुंग्यांचं स्थलांतर होईपर्यंत एक पंचेंद्रिय जीव खाली गुदमरून मरतोय, त्याचं पाप कुणाला? पोट धरून हसली. पूर्वीसारखी — डोकं मागं टाकून, आवाज पार फुटून. आत रुचिचं लाटणं क्षणभर थांबलं.

नवा पाइप कापायला तिच्याकडं दिला. तिनं पट्टी घेतली, त्यावर पाइप आडवा ठेवला, ब्लेडनं एका दाबात कापला. काटकोनात. तिला आठवीत असताना शिकवलं होतं — तिरपा कापला की तोंड नीट बसत नाही, एका बाजूनं गळत राहतं. पकडीनं तोडायचा नाही, सुरीनं रगडायचा नाही. सरळ ब्लेड, एक दाब. मी तेव्हा पन्नास वेळा ओरडलो असेन. आज तोंड उघडायची गरज पडली नाही.

क्लॅम्प आवळताना विचारलं. दोन वर्षांत विचारलं नव्हतं. म्हटलं, का गं?

पुढचा क्लॅम्प पुसून ठेवला. मग म्हणाली, "तिथं मला हलकं वाटतं, पप्पा." आणि थोड्या वेळानं, "बहुतेक वेळा."

मी क्लॅम्प जरा जास्तच आवळला. सैल करावा लागला.

२५ जानेवारी

या आठवड्याचं सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन — विषय तर तुमच्या घरातच आहे की! फोन ठेवला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात घुसून विषय आणले. तेव्हा असंच कुणीतरी फोन ठेवून भिंतीकडं बघत बसलं असेल काय? असेल.

२८ जानेवारी

पुढचे पाइप, नवा फिल्टर. सगळं झालं. टाकीत पेट्रोल भरून स्टार्टर मारत राहिलो. फिल्टरमध्ये पिवळी रेघ चढत आली, इंजिन खोकलं, आणि लागलं. नेहल टाळ्या वाजवत होती. मीही हसलो. मग आठवलं, ही गाडी कशासाठी सुरू झालीय.

३० जानेवारी

गाडी बघायची म्हणून लोणारच्या रस्त्यानं गेलो. दोघंच. गाव सुटल्यावर तिनं विचारलं, मी चालवू? जागा बदलली. ती चालवत होती आणि मी शेजारी — याच रस्त्यावर तिला शिकवलेलं. गिअर अजून तसाच टाकते, जीभ ओठाबाहेर काढून.

पुढं मेंढरांचा कळप आडवा. थांबलो. धनगर सावकाश चाललेला, त्याच्या मागं त्याची बायको, डोक्यावर गाठोडं. नेहल त्या बाईच्या पायांकडं बघत राहिली.

"मी कधी रस्त्यानं चाललेली दिसले, तर हॉर्न वाजवू नका."

म्हटलं, वाजवणार. जोरात वाजवणार.

हसली नाही. मेंढरं गेली तरी गाडी पुढं घेतली नाही.

"पप्पा, त्या दिवशी गाडी बंद पडली तर?"

नाही पडणार म्हटलं.

"पण पडली तर?"

"तर मी दुरुस्त करीन. मी हात लावलेली गाडी बंद पडत नाही."

पहिला गिअर टाकला तिनं. मला वाटलं, भरवसा बसला.

२ फेब्रुवारी

आज्ञेचं लिहायचं राहिलंय. टाळतोय.

आमच्यात आई-बापाच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. मुलगी कितीही मोठी असो, शिकलेली असो. दोघांनी 'आहे' म्हणावं लागतं. रुचि लगेच म्हणाली. मी दोन दिवाळ्या ढकलल्या. विनोद केले, चिडलो, एक स्थळ आणलं — मुलगा पुण्याचा, स्वतःला हुशार समजणारा, माझ्यासारखाच. नेहल शांत. माझ्याशी भांडलीही नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो. भांडणं हाच माझा धंदा. शेवटी गेल्या दसऱ्याला म्हणालो — ठीक आहे.

पण ती आज्ञा घरातली. खरी त्या दिवशी, भर मंडपात, केस उतरवायच्या आधी. तिथं पुन्हा विचारतात. अजून माझ्याकडं एक 'नाही' शिल्लक आहे. तो घेऊन मी हिंडतोय — खिशात सुरी घेऊन हिंडावं तसा.

५ फेब्रुवारी

मोठी आत्या कुंभार पिंपळगावहून आली. मला म्हणाली, तू फार लिहितोस धर्मावर, बघ, घरातूनच उत्तर आलं. मी म्हटलं, आत्याबाई, देव एवढा वाचक असता तर आमचा पेपर तरी जास्त खपला असता. रुचिनं डोळे वटारले. नेहल स्वयंपाकघरात गेली — हसत असावी. पाठ हलत होती.

बहुतेक हसत होती.

७ फेब्रुवारी

संध्याकाळी मेंदी. अंगणभर बायका. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत. रुचि गात होती, आवाज बसलाय, तरी गात होती. उठून आत गेलो. मला नाही बघवत त्या बाईचा आनंद.

८ फेब्रुवारी

सकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास.

आधी वाटलं, जुनाच डाग. मग पुढच्या चाकाजवळ ओल दिसली. बॉनेट उघडलं. फिल्टरला जाणारा नवा पाइप — मी स्वतः बसवलेला — मधोमध कापलेला. दोन टोकं एकमेकांकडं तोंड करून.

उंदीर म्हणावं तर दातांच्या खुणा नाहीत. कापलाय.

मी तिथंच फरशीवर बसलो. आणि मग समोर पाहिलं. रुचि पोर्चच्या कोपऱ्यात झाडत होती. मी उठायच्या आधीपासून. डोळे सुजलेले, लाल. एकाच जागी झाडून चाललेली. कचरा काहीच नव्हता तिथं. माझ्याकडं पाहिलं आणि झाडू टाकून आत गेली.

असं आहे तर!

गाणारी, नाचणारी, 'आमचं पुण्य' म्हणणारी. सगळं गाव धन्य म्हणतंय आणि ही भल्या पहाटे उठून गाडीची नळी कापतेय. वेडी. गाडी गेली नाही तर पोरगी जाणार नाही, असं वाटलं असेल का तिला? परदेशी मोटारवाला शेठ टपून बसलाय! पण आईला काय, जे हाताशी आलं ते कापलं. मला इतक्या वर्षांत तिच्याविषयी असं वाटलं नव्हतं. आत जाऊन तिला जवळ घ्यावं असं वाटलं. नाही घेतलं. पाहुणे होते. शिवाय तिनं जे लपवलं ते लपलेलंच राहू द्यावं, एवढी माणुसकी माझ्यात उरलीय.

पाइपचं उरलेलं भेंडोळं काढलं. कापायला बसलो.

खरं सांगू — ब्लेड खाली ठेवलं. राहू दे तसाच, म्हटलं. गोरक्षनाथाची विहीर आठवली. पण मग वाटलं, आजवर किती मागण्या पुरवल्या, किती नाही पुरवल्या. शेवटची एक मागणी पोरीनं केलीय, ती पण बापाला जमू नये? रुचिनं तिचं केलं. मी माझं करतो.

नेहल पायरीवर येऊन बसली होती. केव्हा आली कळलं नाही. मेंदी छान रंगलीय. फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांवर पार फिसकटलेली. म्हटलं, काय गं हे? म्हणाली, झोपेत झालं.

पाइप बसवेपर्यंत बसून होती. पान्हा दिला नाही या वेळी. मी आपला बडबडत होतो — उंदीर फार झालेत, वगैरे. आईचं नाव कशाला तिच्यापुढं.

स्टार्टर मारला. लागली.

"झालं?"

"झालं! जालनाच काय, आता दिल्लीपर्यंत जाईल."

उठली. ओढणीचा पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली, लहानपणी शाळेत जायचं नसलं की राहायची तशी. मग म्हणाली, "तुम्हाला सगळंच दुरुस्त करता येतं, पप्पा."

दिवसभर त्या शाबासकीवर जगलो.

९ फेब्रुवारी

गाडी एकदाही खोकली नाही. जालन्यापर्यंत.

नेहल माझ्या शेजारी, रुचि मागं. नेहल काच खाली करून पूर्ण वाटभर बाहेर बघत होती. मी बाष्कळ बोलत होतो. जालना जवळ आल्यावर म्हणाली, हळू चालवा ना. हळू चालवली. मागच्या पाहुण्यांच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मग पुन्हा वेग धरला.

रथ, बँड, वाटेवर उधळलेले तांदूळ. मंडप भरलेला. मोठ्या महासतीजींनी विचारलं — आई-वडिलांची आज्ञा आहे?

रुचि म्हणाली, "आहे." स्वच्छ आवाजात.

मग सगळे माझ्याकडं. नेहल माझ्याकडं. आतापर्यंत तिनं डोळे खाली ठेवले होते. तेवढ्यापुरते वर केले. माझ्या डोळ्यांत अशी बघत राहिली, जणू तीच मला काही विचारतेय. खिशातला 'नाही' हाताशी होता. पण वाटलं, इथवर स्वतः आणून सोडली, आता आडवा येऊन पोरीचा अपमान का करू? एवढा तरी मोठा होतो.

"आहे," म्हणालो.

अजून क्षणभर बघितलं तिनं. मग मान खाली.

केस उतरले. पांढरे कपडे आले. नवं नाव पुकारलं, लोकांनी जयजयकार केला. ते नाव मी लिहिणार नाही. या पानांवर तरी नेहल.

वाकून वंदना केली — बापानं मुलीला. हात आपोआप तिच्या डोक्याकडं गेला. कुणीतरी मनगट धरून हळूच मागं घेतलं.

परत येताना पुढची जागा रिकामी. रुचि मागंच बसली. सीटवर मेंदीचा वाळलेला पापुद्रा पडला होता.

११ फेब्रुवारी

विहार झाला. त्या सगळ्या भोकरदनच्या दिशेनं पायी निघाल्या, असं कळलं. गेलो नाही.

१६ फेब्रुवारी

घरात शेवटचा पाहुणाही गेला. रुचि दिवाणावर बसली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. आवाज बसलेलाच, त्यामुळे नुसतं अंग हलत होतं. शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. वाटलं, आता सांगावं. तेवढंच तिला हलकं वाटेल.

म्हटलं, मला माहीत आहे. त्या दिवशी गाडीचा पाइप तू कापलास. मी रागावलो नाही गं. उलट —

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं.

"मी? अहो, मला ते बॉनेट तरी उघडता येतं का?"

१७ फेब्रुवारी

भोकरदनचा रस्ता धरून पहाटेच पायी निघालो. गाडी पोर्चमध्ये आहे.

त्या दिवशी काढून टाकलेला पाइपचा तुकडा डिकीत सापडला. खिशात घेतलाय. पट्टीवर धरून कापलेला, एका दाबात. काटकोनात.